न तपासलेला दाणा

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लॅबमधल्या दोन नव्या मुली माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायला लागल्या. उद्या मशीनची पूजा करायची म्हणत होत्या. हार सांगून ठेवलाय, नारळ आणलाय, फक्त मॅडमचं हो पाहिजे. मी मान वर न करता म्हणाले, "पूजा घरी करा. इथल्या मशीनला कुंकू लागणार नाही." त्या तोंडं पाडून गेल्या. मॅडम देवाधर्माचं काही मानत नाहीत म्हणून नाही म्हणाल्या, असंच त्यांना वाटलं असणार. मला मात्र हसू आलं, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. रोज सकाळी दीड तास पूजा केल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे, अशा माणसाचं ते वाक्य होतं. मग दिवसभर तळेकर सर डोक्यातून जाईनात.

पुंजाराम तळेकर. नवीन जालन्यातल्या ज्या बियाणे कंपनीत मी नोकरी करते, तिच्या तपासणी प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होते. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेत गेले, कुणाला तसदी दिली नाही, असं त्यांचा भाऊ फोनवर म्हणाला.

आमचं काम सांगायला अगदी सोपं आहे. विकायला निघालेल्या बियाण्यातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीत मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठरावीक उबेच्या कपाटात ठेवायची. आठवड्याने उघडून किती उगवले ते लिहायचं. असे चार कागद. त्या आकड्यावर हजारो पिशव्या बाजारात जातात किंवा गोदामात पडून राहतात. मी घनसावंगीहून एमएस्सी होऊन मुलाखतीला आले तेव्हा मला वाटलं होतं, आता जनुकं, गुणसूत्रं असलं काहीतरी विचारतील. सरांनी माझ्यापुढे गव्हाची वाटी ठेवली आणि चारशे दाणे मोजायला सांगितले. मी मोजले. त्यांनी पुन्हा मोजले आणि म्हणाले, "तीनशे सत्त्याण्णव हायेत. पण घाई केली न्हाई तुमी. बराबर आहे, या सोमवारपासून."

ते स्वतः मोजायला बसले की त्यांचे ओठ हलायचे. पाच-पाचाचे झुबके बोटाने सरकवत जायचे आणि ओठ हलत राहायचे. मी एकदा चेष्टेने विचारलं, सर, जप चाललाय का? ते चिडले नाहीत. म्हणाले, "जप येगळा. जपात आकडा चुकला तर देव सांभाळून घेतो. इथं चुकला तर एखाद्याचं वावर रिकामं राहतं."

अंगाने उंच, थोडे वाकलेले, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन नापास नमुन्यासाठी, आणि ते बाहेर काढताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातलंच कुणी नापास झालंय. सकाळी येत तेव्हा कपाळावर अष्टगंधाचा ठसठशीत टिळा असायचा. लॅबच्या दाराशी बेसिन होतं. तिथे थांबून ओल्या रुमालाने टिळा पुसायचा, हात धुवायचे, मग आत यायचं. पहिल्या वर्षी मी फार टोकदार होते. मी म्हणाले, देवाला दाराबाहेर उभं करता का सर? त्यांनी रुमाल पिळत उत्तर दिलं, "गंध वाळलं की पडतंय, ताई. दाण्यात पडंल." माझा सगळा वाद त्या बेसिनमध्ये वाहून गेला.

खंडेनवमीचं प्रकरण त्याच वर्षीचं. स्टोअरच्या लोकांनी उगवणीच्या कपाटाला हार घातला होता, हळदकुंकवाचं ताट तयार होतं. सर आले, हार काढून हातात घेतला, वास घेतला आणि खालच्या मजल्यावरच्या गणपतीच्या फोटोला घालून आले. लोक नाराज झाले. एवढा देवभोळा माणूस आणि पूजेला नाही म्हणतो. तेव्हा त्यांनी सांगितलं की कुंकू लावल्याने मशीनचा आकडा बदलत नाही, बघणारा माणूस बदलतो. उद्या त्या मशीनने काही भलतंच दाखवलं तर तुमचा हात दुरुस्तीच्या फोनकडे जल्दी जाणार नाही. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी विळा, खुरपं, कुऱ्हाड सगळं मांडून यथासांग पूजा केली, आणि दसरा झाल्यावर आम्हा सगळ्यांना पुरणपोळी आणली.

देव घरी आणि दाणा इथे, ही त्यांची वाटणी मला पहिल्यापासून नुसती सोयीची, पळवाटेसारखी वाटायची. एकाच डोक्यात दोन कायदे कसे चालतात? मी त्यांना हे वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारत राहायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत आमची रोज एक फेरी व्हायची. एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही आईशी ज्या बोलीत बोलता त्या बोलीत रिपोर्ट लिहिता का? मी म्हणाले, नाही. मग त्या दोन बोली तुमच्याच तोंडात राहतात ना? मी म्हणाले, सर, बोली वेगळी असते, पण आईला मी खोटं सांगत नाही. त्यांनी तोंडातला घास संपवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मला पाठ आहे.

"दाणा उगवंल का, हा इथला सवाल हाय. न्हाई उगवला तर त्या घरानं कसा धीर धरायचा, हा तिकडचा. इथं धीर देऊ न्हाई, आन तिकडं आकडे मोजू न्हाई. येवढं पाळलं की माणूस बिलकुल गडबडत न्हाई."

ते हे खरोखर पाळायचे. एकदा आमच्या घनसावंगीकडचा एक उसाचा बागायतदार दोन पिशव्या घेऊन आला. दोन्हींत एकाच वाणाचा हरभरा, पण एका पिशवीवर कुणा महाराजांनी अकरा दिवस मंत्र म्हटलेला. त्याला लेखी पाहिजे होतं की मंत्राचं बी जास्त उगवतं. मी हसू दाबायला खिडकीकडे वळले. सरांनी मात्र दोन्ही पिशव्यांची नोंद केली, शुल्क घेतलं, आणि दोन्हींना सारखाच मान देऊन आठ दिवस तपासलं. आकडे जवळजवळ एकच आले. रिपोर्टखाली मी लिहिलं, मंत्राचा काहीही परिणाम दिसून आला नाही. सरांनी ती ओळ खोडली.

मी खवळले. म्हणाले, हे तर तुम्ही डोळ्यांनी बघितलं, मग खोडता कशाला? ते शांतपणे म्हणाले, "उगवणीचं इचारलं त्यानं, उगवणीचं लिहिलं आपण. मंत्र कशासाठी म्हणला ते महाराजाला माहीत. इचारलं न्हाई ते लिहू न्हाई." बागायतदार कागद घडी करून घेऊन गेला. दोन आकडे शेजारी-शेजारी वाचून त्याला जे समजायचं ते समजलं असेल किंवा नसेल. मला वाटत राहिलं की सरांनी कच खाल्ली. त्यांना वाटत राहिलं की मला आपली हद्द कळत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. त्यासाठी त्यांच्या गावाकडे जावं लागेल.

हसनाबादच्या पुढे आत वळलं की त्यांची वाडी लागते. शेतकऱ्यांची वस्ती, मध्ये देवीचं छोटं देऊळ. नवरात्रात जसा घरोघर घट बसतो तसा देवळातही बसतो. परडीत शेतातली काळी माती पसरायची, मधोमध पाण्याचा घट, भोवती गहू, ज्वारी, हरभरा, करडई पेरायची. रोज थोडं पाणी. नऊ दिवसांत हिरवं दाट उगवतं. दसऱ्याला घट उठला की माणसं ते कोंब टोपीत खोवतात. पण वाडीत देवळातल्या घटाला आणखी एक काम असतं. कोणतं धान्य दाट आलं, कोणतं विरळ, हे म्हातारी माणसं वाकून बघतात आणि त्यावरून रब्बीचं ठरवतात. देवी सांगते, असं म्हणतात. माती आणि पाणी आळीपाळीने एकेका घराकडे असतं. दाणे मात्र कायम तळेकरांच्या घरचे. तो त्यांचा पिढीजात मान.

सरांच्या नोकरीतल्या शेवटच्या नवरात्रात मातीची पाळी कौसाबाईच्या घरावर आली होती. कौसाबाई म्हणजे पस्तिशीची बाई, नवरा दोन वर्षांपूर्वी विजेच्या मोटारीला चिकटून गेलेला, दोन मुली शाळेत, स्वतःची जमीन नाही. बायकांच्या टोळीबरोबर टोकणीला जायची. टोकणी म्हणजे हाताने एकेक दाणा मातीत लावत जायचं. तिचा हात झपाझप चालतो आणि ओळ सरळ येते, म्हणून टोळीत तिला मागणी होती. विधवेने देवीची माती आणावी का, यावर कुजबुज झाली. तेव्हा सरांनीच निकाल दिला होता: पाळी घराची असते, घरात जे माणूस आहे ते आणील. तिने आणली.

दसऱ्याला सर दरवर्षी लॅबमधल्या आम्हा दोघातिघांना वाडीला जेवायला न्यायचे. त्या वर्षीही आम्ही गेलो. देवळात शिरलो तर सगळे परडीभोवती उभे. परडीतली माती काळीच्या काळी होती. गहू नाही, ज्वारी नाही, एक कोंब नाही. घरोघरचे घट तर हिरवेगार होते, म्हणजे हवेला दोष देता येईना. देवळाचं बघणारे रामराव आबा, ऐंशीच्या घरातले, हळू आवाजात म्हणाले की माती कौसाबाईच्या हातची, पाणी कौसाबाईच्या हातचं. कुणीही आरडाओरडा केला नाही. ती खांबाला टेकून उभी होती आणि सगळे तिच्याकडे न बघता तिच्याचबद्दल बोलत होते.

दाण्यांवर कुणाचाच संशय गेला नाही. कसा जाईल? सगळ्या जिल्ह्याचं बियाणं तपासणाऱ्या माणसाने जालन्याहून आणलेले दाणे.

आबा सरांकडे वळले. "बापू, तुमचं रोजचं काम दाणे उगवायचंच हाय. तुमी सांगा."

सर देवीसमोर हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. देवीसमोर रिकामी परडी बघून त्यांना मनापासून लागलं होतं. ते म्हणाले, "देवीची मर्जी."

बस, एवढंच. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. आपल्या हाती काही नसतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण वाडीने ऐकलं ते वेगळंच. शिकलेला, मानाचा, बियाण्यातला माणूस म्हणतोय की देवीचीच मर्जी नव्हती. मग त्या बाईचा हातच वाईट. कौसाबाईने सरांकडे एकदा बघितलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. आम्ही पंगतीला बसलो.

परतीच्या जीपमध्ये मी त्यांना विचारलं की लॅबमध्ये एका नमुन्याला शून्य उगवण आली असती तर तुम्ही मर्जी लिहिलं असतं का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथं मी तपासायला गेल्तो का, ताई?" मी म्हणाले, तिथे एक बाई नापास झाली सर, तुमच्या सहीने.

चौथ्या दिवशी त्यांच्या भावाचा फोन आला. हरभऱ्याची टोकणी सुरू झाली होती आणि कौसाबाईला टोळीने सोबत घेतलं नव्हतं. तिच्या हातचं उगवत नाही, म्हणत होते. तिला बोलावलं तर शेतमालक टोळीलाच नको म्हणतील, अशी बायकांना भीती. रब्बीच्या त्या पाच-सहा आठवड्यांच्या मजुरीवर तिचं अर्धं वर्ष चालायचं. सरांनी हे मला सांगितलं आणि उठून ओव्हनच्या खोलीत गेले. मीही मागे गेले.

दाण्यातला ओलावा मोजायला आमच्याकडे एक मोठा ओव्हन आहे. दिवसभर तापलेला असतो. त्याच्या डोक्यावर लाल फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा श्रावणापासून ठेवलेला होता. देवीचे दाणे. त्या पावसाळ्यात सरांच्या घरी ओल फार आली होती, धान्याला जाळं धरायला लागलं, म्हणून त्यांनी भावाकडून आलेले दाणे तिथे कोरडे राहतील म्हणून आणून ठेवले. मी तेव्हा त्यांना डिवचलंही होतं, की शेवटी देव आत आलाच की सर. ते म्हणाले होते, तो नमुना नाही, ठेवणीतला डबा आहे, हात लावू नका. दसऱ्यानंतर उरलेले दाणे परत त्याच जागी आले होते.

सरांनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच टेबलावर टाकला. तळ पोळत होता. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले, मग भिंतीकडे. तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी आहे: ओव्हनवर नमुने ठेवू नयेत, उगवणशक्ती नष्ट होते.

ती पाटी मी हजार वेळा वाचली होती. डबा महिना-दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर होता. कुणा नवख्याने तिथे साधी गव्हाची पुडी ठेवली असती तर मी त्याला झापलं असतं. पण तो देवाचा डबा. माझा त्याच्याशी काय संबंध? सरांची वाटणी सोयीची म्हणून मी नाक मुरडत होते, आणि मीही तीच पाळत होते. याची मला आजही लाज वाटते.

मी म्हणाले, कळलं सर, आता गावाला फोन करून सांगून टाका. त्यांनी मान हलवली. "कळलं म्हणजे अंदाज झाला. मोजल्याबिगर तिथं काय सांगू?"

नोंदवही माझ्याकडे होती. नमुना पाठवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी पेन धरून थांबले. देवस्थान लिहू का, असं विचारलं. ते म्हणाले, "देवस्थानाचं काय देणं? पुंजाराम तळेकर लिहा." त्यांनी दाणे स्वतः मोजले. ओठ हलत होते. एक गुंडाळी डब्यातल्या दाण्यांची, आणि दुसरी त्याच पिकांतल्या, भावाच्या कणगीत राहिलेल्या दाण्यांची, ती त्यांनी मुद्दाम मागवली. देवीच्या दाण्यांची परीक्षा घ्यायची नसते, असं ते नेहमी म्हणायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते दाणे कागदावर आले होते.

त्या आठ दिवसांत ते फार थकलेले दिसले. एकदा आपण होऊन म्हणाले की पूजेला बसतो आणि डोळ्यांपुढे ती परडीच येते. मला पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

आठव्या दिवशी उघडलं. कणगीतले दाणे लांब पांढऱ्या मुळ्या टाकून उगवले होते. डब्यातले शंभरच्या शंभर मेलेले, काहींवर बुरशी. त्यांनी लाल पेन काढलं, शून्य लिहिलं, सही केली. आणि मला म्हणाले, नोंद तुमच्या हातची आहे, रविवारी वाडीला चला.

रविवारी सकाळी देवळापुढच्या ओट्यावर वीसेक माणसं जमली. कौसाबाईला सरांच्या वहिनी घेऊन आल्या होत्या. ती खालीच, पायरीशी उभी राहिली. सरांनी चपला काढल्या, देवीला नमस्कार केला, आणि दोन्ही कागद ओट्यावर पसरले. भाषण केलं नाही. डबा कुठे ठेवला होता, का ठेवला होता, काय झालं, ते क्रमाने सांगितलं. मग म्हणाले, "माती चांगली व्हती. पाणी बराबर व्हतं. बी मेल्तं, आन ते मी मारलं. कौसाबाईचा यात काही दोष न्हाई. देवीला मी मेलेले दाणे दिले."

लोक वाकून कागद बघायला लागले. शेतकऱ्याला मेलेला दाणा दाखवून द्यावा लागत नाही. बायकांमध्ये चुळबुळ झाली. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात आबा काठी टेकत पुढे आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच काहीतरी कळून घ्यायचं होतं.

"बापू, येक इचारतो. औंदा बी मेल्तं म्हणून घट आला न्हाई, पटलं. मंग इतकी वरसं घट दाट येत व्हता, तवा देवी सांगत व्हती का बीच चांगलं व्हतं?"

नऊ वर्षं मी ज्या प्रश्नाभोवती घिरट्या घालत होते, तो या निरक्षर म्हाताऱ्याने एका दमात विचारला होता. सरांना सुटायला जागा होती. दोन्ही खरं असतं आबा, असं म्हणता आलं असतं. लोकांनी माना डोलावल्या असत्या. सरांनी देवीकडे बघितलं.

"बी चांगलं व्हतं, आबा," ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "देवी काय सांगती ते मला ठावं न्हाई. मी तिला हात जोडतो, जोडत राहीन. पण दाण्यावरून तिचं मन कळतं असं पुन्हा म्हणनार न्हाई. त्यानं येका माणसाची भाकर गेली."

एवढं बोलून ते कौसाबाईकडे वळले. साठीला आलेला माणूस पायऱ्या उतरला आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, माझ्या एका शब्दानं झालं, माफ कर. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, "बारा दिस कुठं व्हते, बापू?"

ते हात तसेच जोडून उभे राहिले, आणि ती घराकडे चालू लागली. मला ती वेळ अजून जशीच्या तशी आठवते. मी आजवर बघितलेल्या माणसांत इतका मोठा माणूस दुसरा नाही, असंही वाटलं, आणि त्या बाईचं एक अक्षरही चूक नव्हतं.

त्यानंतर फार चमत्कार झाले नाहीत. टोळीने तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलावलं, काही पश्चात्तापाने, काही हात कमी पडत होते म्हणून. सरांच्या भावाने आणि खुद्द आबांनी आपल्या शेतात पहिली ओळ तिच्याकडून लावून घेतली. सरांनी तळेकरांचा दाण्याचा मान सोडला; आता प्रत्येक घर आपली एकेक मूठ आणून परडीत टाकतं. आबा अजूनही वाकून घट बघतात, असं ऐकते. सवय आहे, म्हणतात.

सरही फार बदलले नाहीत. टिळा दाराशी पुसत राहिले, पूजा दीड तासाचीच राहिली. फक्त आमच्या जेवणाच्या वादात त्यांच्या बाजूने जोर उरला नाही. एकदा मीच त्यांची बाजू घेऊन म्हणाले, की सर, दोन्हींचे प्रश्न वेगळे असतात हे तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. ते जेवणाचा डबा झाकत म्हणाले, "सवाल येगळे असतील, ताई. पण बाई येकच व्हती ना."

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि वाडीला राहायला गेले. त्या रब्बीत मी कामासाठी भोकरदनला निघाले होते, वाटेत त्यांना भेटायला थांबले. घरी वहिनी म्हणाल्या, शेतात आहेत. बांधावर गेले तर हरभऱ्याची टोकणी चालू होती. बायकांची टोळी ओळीत वाकलेली, सगळ्यात पुढे कौसाबाई. सर बांधावर उभे राहून बघत होते, कपाळावर टिळा, पायजम्याचे पाय वर दुमडलेले. मला बघून त्यांना आनंद झाला. लॅबमधल्या एकेकाची चौकशी केली. मग त्यांचं लक्ष परत शेताकडे गेलं.

कौसाबाई प्रत्येक जागी दोन-दोन दाणे टाकत होती. सर पुढे होऊन तिला म्हणाले की एकेकच टाक, बी मी स्वतः तपासलंय, शंभरात एखाददुसरा मागं राहील.

तिने मान वर केली नाही. हातही थांबवला नाही. "तुमच्या बियावर येकदा भरवसा केल्ता, बापू," ती म्हणाली. "मी आपली दोनच टाकते."

मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. पण ते रागावले नाहीत, हसले नाहीत, समजावायलाही गेले नाहीत. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि तिच्या ओळीत उतरले. ती पुढे दोन-दोन दाणे टाकत गेली, आणि सर मागून अनवाणी पायाने त्यांच्यावर माती लोटत गेले, पार दुसऱ्या बांधापर्यंत. मला उशीर होत होता, म्हणून मी निघाले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हा.